वायरलेस सेन्सिंग आणि रोबोटिक्समधील प्राध्यापकी: कोल्हापुरातून निघणारी वाट

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. वायरलेस सेन्सिंग आणि रोबोटिक्स या विषयांत संशोधन करणारा इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक नेमके काय करतो, हा पहिला. गोकुळ शिरगाव परिसरातील महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला कोल्हापुरात राहून या वाटेला लागता येईल का, हा दुसरा. तिसरा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी संकोचाने लिहिला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, धाकटा भाऊ अजून बारावीत आहे, अशा वेळी कॅम्पसमधून हाती येणारी नोकरी सोडून पाच-सहा वर्षे पीएच.डी.ला द्यावीत का, आणि त्यात वय निघून जाते ही आईची भीती कितपत खरी आहे. मी २२ वर्षे या विषयात शिकवतो आणि संशोधन करतो, त्यातील बराचसा काळ कोल्हापुरातच गेला आहे, त्यामुळे जे लिहितो ते अनुभवाने लिहितो. सुरुवात विषयापासून करतो, कारण या विषयाचा स्वभाव समजल्याशिवाय त्यातल्या प्राध्यापकाचे दिवस कशात जातात हे समजणार नाही.

दूरसंचार शिकताना आपण भिंत, लोखंडी कपाट आणि चालता माणूस यांच्याकडे अडथळा म्हणून पाहायला शिकतो. त्यांच्यामुळे सिग्नल कमी-जास्त होतो, त्याला आपण फेडिंग म्हणतो आणि त्याचा त्रास कसा टाळायचा याची गणिते सोडवतो. वायरलेस सेन्सिंगमध्ये हाच त्रास आपला ऐवज ठरतो. घरातील वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर त्याच्या लहरीची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर असते. राउटरपासून मोबाइलपर्यंत ती एकाच सरळ वाटेने येत नाही. भिंतीवरून, छतावरून, पलंगावरून आणि माणसांच्या अंगावरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी येते आणि या सगळ्यांची बेरीज अँटेनावर होते. दोन वाटांच्या लांबीतील फरक अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे जेमतेम सव्वासहा सेंटीमीटरने बदलला, की एकमेकींना बळ देणाऱ्या लहरी एकमेकींना खोडू लागतात. म्हणून खोलीत कोणी उठून खिडकीपाशी गेले तरी त्याची खूण सिग्नलमध्ये उमटते. श्वास घेताना छाती ५ मिलिमीटर पुढे आली, तर तिच्यावरून परतणाऱ्या लहरीची वाट १० मिलिमीटरने कमी होते आणि २.४ गिगाहर्ट्झवर फेज, म्हणजे लहर आपल्या चढ-उताराच्या फेऱ्यात कुठे आहे ती जागा, सुमारे २९ अंशांनी सरकतो. ६० गिगाहर्ट्झवर तरंगलांबीच ५ मिलिमीटर असल्यामुळे तोच श्वास फेजचे दोन पूर्ण फेरे घडवतो. ही खूण वाचायची आणि तिच्यावरून माणूस आहे की नाही, किती माणसे आहेत, भिंतीपलीकडे काय आहे हे शोधायचे, एवढाच या विषयाचा गाभा आहे.

मिलिमीटर लहरींचा विचार आपल्या देशाला नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीवर प्रयोग केले होते आणि तेही प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत असतानाच. अलीकडच्या काळात २०१० मध्ये अमेरिकेच्या यूटा विद्यापीठातील विल्सन आणि पटवारी यांनी खोलीभोवती लहान रेडिओ नोड (सिग्नल पाठवणारी आणि घेणारी यंत्रे) मांडून, त्यांच्यातील प्रत्येक जोडीचा सिग्नल किती घटतो यावरून आत उभ्या असलेल्या माणसाची प्रतिमा काढण्याची पद्धत मांडली. २०१३ मध्ये अमेरिकेतीलच एमआयटीतील दीना कटाबी यांच्या गटाने वायफायच्याच लहरींनी भिंतीपलीकडची हालचाल टिपून दाखवली.

या क्षेत्रातील एखादी कारकीर्द कशी उभी राहते, हे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील प्राध्यापिका यास्मिन मोस्तोफी यांचे काम वाचायला सांगतो. त्यांनी तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून पदवी घेतली, स्टॅनफर्डमध्ये वायरलेस संदेशवहनात पीएच.डी. केली, त्यानंतर कॅलटेकमध्ये नियंत्रणशास्त्राच्या गटात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन) केले, न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवले आणि पुढे सांता बार्बराला आल्या. या क्रमाकडे बारकाईने पाहा. पीएच.डी. एका विषयात आणि पोस्टडॉक दुसऱ्या विषयात केल्यामुळे त्यांना दोन विषयांच्या सीमेवर असा प्रश्न सापडला, जो फक्त संदेशवहनाच्या किंवा फक्त रोबोटिक्सच्या माणसाला सहसा दिसला नसता. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने केवळ सिग्नलच्या तीव्रतेवरून एका जागेत वावरणाऱ्या नऊपर्यंत माणसांची मोजणी करून दाखवली आणि २०१७ मध्ये दोन ड्रोन, एक वायफाय प्रसारित करणारा आणि दुसरा मोजणारा, विटांच्या बांधकामाभोवती फिरवून आतील वस्तूंची त्रिमितीय प्रतिमा काढली. ड्रोनची गरज का पडली, हा प्रश्न तुम्ही इथेच विचारला पाहिजे, कारण त्याच्या उत्तरातच रोबोटिक्स या विषयात का शिरले ते आहे.

वायफायच्या एका सामान्य चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला रुंदीच्या दुपटीने भागले की अंतरातील सर्वांत लहान ओळखता येणारा फरक मिळतो आणि तो येतो साडेसात मीटर. म्हणजे एवढ्या रुंदीच्या सिग्नलने केवळ लहरीच्या उशिरावरून अंतर मोजायचे ठरवले, तर अख्खी खोली एकाच ठिपक्यात जाते. उपाय असा की मोजणारा अँटेनाच हलवावा, ठरावीक अंतरावर नोंदी घ्याव्यात आणि त्या सर्व नोंदींना एका मोठ्या अँटेनाचे भाग मानून गणित करावे. नोंदी अर्ध्या तरंगलांबीहून, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर सव्वासहा सेंटीमीटरहून लांब असता कामा नयेत, आणि प्रत्येक नोंदीच्या वेळी अँटेना नेमका कुठे होता हे तरंगलांबीच्या लहानशा अंशापर्यंत माहीत हवे. हे काम माणसाच्या हाताने होत नाही, ते रोबोटच करू शकतो. उलट रोबोटलाही या शास्त्राची गरज लागते. आपला संपर्क कुठे तुटेल याचा अंदाज घेऊनच त्याला पुढची वाट ठरवावी लागते आणि तो अंदाज त्याला वाटेत घेतलेल्या थोड्या नोंदींवरूनच बांधता येतो. दोन्ही शास्त्रे अशी एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे या विषयातील प्राध्यापकाला सिग्नल प्रोसेसिंगही शिकवता यावे लागते आणि चाकाचे बेअरिंगही समजावे लागते.

चाकाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. आमचा पहिला रोबोट बाजारातून आणलेल्या १०० मिलिमीटर व्यासाच्या दोन चाकांवर चालत होता. सरळ रेषेत दोन मीटर जा म्हटले की तो थोडा डावीकडे वळत असे आणि काढलेली प्रतिमा नेहमी ओघळल्यासारखी दिसे. आम्ही दोन महिने अल्गोरिदममध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी व्हर्निअरने चाके मोजली, तेव्हा दोघांच्या व्यासात ०.२ मिलिमीटरचा फरक निघाला. हा फरक ऐकायला क्षुल्लक आहे, पण गणित करून पाहा. दोन मीटर जाताना एक चाक दुसऱ्यापेक्षा ४ मिलिमीटर जास्त जाते. चाकांमधील अंतर ३०० मिलिमीटर असेल तर रोबोटची दिशा पाऊण अंशाने फिरते आणि दोन मीटरच्या शेवटी तो सुमारे १३ मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. ते सरकणे प्रसारक अँटेनाच्या दिशेने असेल, तर फेजमधील चूक ३७ अंशांच्या आसपास जाते. २९ अंशांचा श्वास ऐकायला निघालेल्या यंत्राला ३७ अंशांची चूक कशी परवडेल?

मी ती चाके घेऊन शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो आणि दोन्ही चाके अगदी सारखी हवीत, किती टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) देता येईल, असे विचारले. त्यांनी माझे ड्रॉइंग बाजूला ठेवले आणि म्हणाले, "सर, दोन्ही चाकं एकाच मँड्रेलवर चढवतो आणि एकाच पासात मारतो. मग व्यास काही का येईना, दोन्हींचा एकच येणार." मँड्रेल म्हणजे लेथवर काम धरून ठेवणारा दांडा. माझ्या प्रश्नापेक्षा त्यांचे उत्तर अधिक शहाणे होते. मी अचूक माप मागत होतो, तर त्यांनी ओळखले की मला समानता हवी आहे. खरा व्यास नंतर मोजून प्रोग्रॅममध्ये घालता येतो. त्या दिवशीच्या चाकांवर आमचे पुढचे सगळे प्रयोग झाले. सायकलवरून वीस मिनिटांत लेथ, मिलिंग, पॅटर्न आणि कास्टिंग जाणणाऱ्या माणसापर्यंत पोहोचता येईल अशी गावे फार नाहीत. ज्यांना एक ब्रॅकेट बनवून घ्यायला तीन आठवडे थांबावे लागते, असे माझे मोठ्या शहरांतील सहकारी मला याबद्दल नेहमी विचारतात.

आता दुसरी घटना, जिच्यामुळे माझ्या कामाची पद्धत कायमची बदलली. आमच्या प्रयोगशाळेत एम.टेक.च्या एका विद्यार्थ्याने रिकामी खोली आणि माणूस चालत असलेली खोली यांतील फरक सिग्नलवरून ओळखणारा प्रोग्रॅम तयार केला. तो जवळजवळ प्रत्येक नमुना बरोबर ओळखत होता. शोधनिबंध लिहून झाला होता आणि पाठवायला चार दिवस बाकी होते. मार्च महिना होता. तो संध्याकाळी शेवटच्या काही नोंदी घेत असताना लाईट गेली. वायफायचे बोर्ड पॉवर बँकवर आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे नोंद चालूच राहिली. स्क्रीनवरील स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार वारंवारिता दाखवणाऱ्या आलेखात) चालत्या माणसाची म्हणून आम्ही दाखवत होतो ती १५ हर्ट्झजवळची रेषा हळूहळू खाली वाकली आणि थोड्या वेळाने शून्यावर येऊन नाहीशी झाली. खोलीत तेव्हा कोणीही चालत नव्हते. आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिले. पंखा थांबत होता.

हिशेब सरळ होता. माणूस सेकंदाला एक मीटर वेगाने अँटेनाकडे आला तर परावर्तित वाट सेकंदाला दोन मीटरने कमी होते आणि २.४ गिगाहर्ट्झवर १६ हर्ट्झचा डॉप्लर, म्हणजे हालचालीमुळे वारंवारितेत पडणारा फरक, मिळतो. रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना आमचा पंखा मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ फेरे घेत होता आणि त्याला तीन पाती होती, १५ हर्ट्झ. रिकाम्या खोलीच्या नोंदी सकाळच्या गारव्यात पंखा बंद असताना घेतलेल्या होत्या आणि चालण्याच्या नोंदी दुपारच्या उकाड्यात पंखा लावून. आमचा प्रोग्रॅम महिनाभर पंखा ओळखत होता. निबंध आम्ही पाठवला नाही. त्या मुलाचे एक सत्र वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण दोष त्याचा नव्हता. नोंदवही कशी ठेवावी हे मीच त्याला शिकवले नव्हते. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, पंखा, दारे, कपाटांची जागा, खोलीतील माणसे आणि चालू असलेले मोबाइल हे सर्व लिहायचे, आणि ज्या दिवशी व ज्या खोलीत प्रोग्रॅम शिकवला त्याच दिवशी व त्याच खोलीत तो तपासायचा नाही. या क्षेत्रात प्रसिद्ध होणाऱ्या कितीतरी चमकदार निकालांना हा साधा नियम लावून पाहिला तर ते टिकणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि समीक्षक म्हणून निबंध हाती आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लक्षात येईल. या प्राध्यापकाचे खरे काम मोजणे आहे. गणित, प्रोग्रॅमिंग आणि यंत्र ही तिन्ही त्या मोजण्याच्या दिमतीला असतात. दिवसाचा बराच भाग मात्र वेगळ्या कामांत जातो. यूजीसीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे अपेक्षित असते, प्राध्यापकाने १४. त्याशिवाय प्रात्यक्षिके, परीक्षा, नॅक आणि एनबीए या मूल्यांकनांची कागदपत्रे आणि खरेदीच्या फायली असतात. संशोधनाला उरतात ती सकाळची, संध्याकाळची आणि रविवारची वेळ. दुसऱ्या वर्षाला नेटवर्क ॲनालिसिस शिकवण्याचा मला कधीच कंटाळा आला नाही आणि तो येत असेल तर माणसाने या पेशात येऊ नये, कारण संशोधनाचे यश चार-पाच वर्षांतून एकदा येते, वर्ग मात्र रोज असतो.

संशोधनाच्या पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. पूर्वी एसईआरबी हे केंद्र सरकारचे मंडळ जे अनुदान देत असे ते काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले आहे. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या, संगणक आणि यंत्रे यांना जोडणाऱ्या सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी ३,६६० कोटी रुपये ठरवले गेले आणि तिच्यातून देशभर २५ केंद्रे उभी राहिली. लहान गावातील महाविद्यालयाने अशा एखाद्या केंद्राशी किंवा एखाद्या आयआयटीशी जोडून प्रस्ताव पाठवला तर तो तग धरतो. माझे पहिले दोन प्रस्ताव नाकारले गेले. दुसऱ्या वेळी समीक्षकाने लिहिले होते की सगळे निकाल रिकाम्या हॉलमधले आहेत, माणसे आणि लोखंडी सामान असलेल्या जागेत काय होते ते दाखवा. तेव्हा मला राग आला होता. आज मला वाटते की त्या एका वाक्याने मला शिरोलीच्या कारखान्याच्या शेडमध्ये नेले आणि माझे सर्वांत चांगले काम तिथे झाले.

वाटेची तयारी कशी करावी, यावर मी फार लांबण लावत नाही. प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हे चार विषय परीक्षेपुरते नव्हे, तर स्वतः उदाहरणे रचता येतील इतके पक्के करा. इलेक्ट्रिकलच्या मुली-मुलांचा कंट्रोल सिस्टिम्स हा विषय ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मुलांपेक्षा चांगला असतो, तो रोबोटिक्समध्ये थेट कामाला येतो. त्याला कमी लेखू नका. पीएच.डी.ला जाताना संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शकाच्या गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थ्यांशी बोला आणि प्रयोगशाळेतील उपकरण बिघडले की ते कोण दुरुस्त करते, हे विचारा. "कंपनीचा माणूस येतो," असे उत्तर आले तर थोडा विचार करा.

प्रत्यक्ष काम मात्र याच महिन्यात सुरू करता येईल. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलरचे दोन बोर्ड काही शे रुपयांना एक या भावाने मिळतात आणि त्यांच्यातून केवळ सिग्नलची तीव्रताच नव्हे, तर प्रत्येक सबकॅरिअरवरील (चॅनेलमधील प्रत्येक लहान उपवारंवारितेवरील) बदलाची माहितीही बाहेर काढता येते. तुमच्या महाविद्यालयाच्या एखाद्या मोकळ्या व्हरांड्यात दोन बोर्ड ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर या जोडीच्या मध्यभागी पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन अँटेनांमधील सिग्नलवर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या लंबगोल जागेची, त्रिज्या बरोबर ५० सेंटीमीटर येते. आता खडूने जमिनीवर दर १० सेंटीमीटरला खूण करा आणि मैत्रिणीला रेषेपासून दोन मीटर लांबून सुरुवात करून एकेका खुणेवर दहा सेकंद स्तब्ध उभे राहायला सांगा. ती रेषेच्या जवळ येईल तसा सिग्नल एकसारखा घटत जाणार नाही; तो वर-खाली होत राहील आणि त्या चढ-उतारांच्या जागा तुम्हाला गणिताने आधीच सांगता आल्या पाहिजेत. गणित आणि नोंद जिथे जुळणार नाही तिथे थांबा आणि कारण शोधा. बहुधा व्हरांड्यातील लोखंडी ग्रिल सापडेल. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झमधील बराच भाग आपल्याकडे परवानामुक्त असल्याने ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत हे प्रयोग बिनदिक्कत करता येतात. ड्रोनची घाई मात्र करू नका. तुमचे महाविद्यालय उजळाईवाडी विमानतळाच्या जवळ आहे, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर झोन पाहिल्याशिवाय काहीही उडवणे योग्य नाही. चाकांचा रोबोट पुरेसा आहे.

कोल्हापुरात संशोधनाचे प्रश्न शोधावे लागत नाहीत, ते दाराशी येतात. एक उदाहरण देतो, जे मी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी सुचवतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे पावसाळ्यात इथल्या लहान मुलालाही पाठ असते, आणि २०१९ व २०२१ चे पूर आपण विसरलेलो नाही. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर १०० मीटर अंतरावर दोन अँटेना पाण्यापासून ६ मीटर उंचीवर लावल्या, तर सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लहर यांच्या वाटेत सुमारे ७२ सेंटीमीटरचा फरक असतो. पाणी एक मीटर चढले की तो ५० सेंटीमीटरवर येतो. हा २२ सेंटीमीटरचा बदल २.४ गिगाहर्ट्झवर पावणेदोन तरंगलांबी भरतो, म्हणजे सिग्नल जवळजवळ दोन वेळा वर-खाली होतो. तत्त्वतः केवळ सिग्नलकडे पाहून पाणी चढते आहे हे सांगता येते. प्रत्यक्षात लाटा, जलपर्णी, पाऊस आणि वाऱ्याने हलणारा खांब या चार गोष्टी त्यात मिसळतात आणि त्यांना वेगळे करण्यातच संशोधन आहे. धोक्याचा इशारा देण्याची जबाबदारी अशा प्रयोगावर कुणी टाकू नये. त्यासाठी रडारने पातळी मोजणारी सिद्ध उपकरणे आहेत. पण विषय शिकण्यासाठी याहून चांगला फळा मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही तरी सांगितली पाहिजे. भिंतीपलीकडे पाहू शकणारे शास्त्र हे शेजाऱ्याच्या घरात डोकावू शकणारे शास्त्रही असते. कॅमेरा दिसतो, त्यामुळे माणूस सावध तरी होतो. राउटरकडे पाहून कोणी सावध होत नाही. आमच्याकडे कोणताही प्रयोग करताना त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती घेतली जाते, अगदी सफाईसाठी येणाऱ्या मावशींचीही, आणि ती त्यांना समजेल अशा मराठीत लिहिलेली असते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण आमचा हा नियम त्याआधीचा आहे. वायफायवरून सेन्सिंग करण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, ८०२.११बीएफ, २०२५ मध्ये आले आहे. पुढे हे तंत्र घरोघरी येईल, तेव्हा त्याच्या मर्यादा कुठे आखायच्या हे सांगायला ज्यांना त्याचे गणित कळते अशीच माणसे लागतील. मुली या क्षेत्रात आल्या पाहिजेत असे मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे. घरातील खासगीपणाचा प्रश्न त्या माझ्यापेक्षा लवकर ओळखतात, हे मी प्रयोगशाळेत अनेकदा पाहिले आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आकडे समोर ठेवून घरी बोला. गेट या प्रवेशपरीक्षेच्या आधारे एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात, त्यात घरी पाठवण्यासारखे काही उरत नाही. पीएच.डी.ला केंद्रीय शिष्यवृत्ती असेल तर पहिली दोन वर्षे ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये असतात. त्यात वसतिगृहात राहून भावाच्या फीला हातभार लावता येतो. काही संस्थांत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.लाही प्रवेश मिळतो. पुढे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. मात्र खासगी महाविद्यालयांत ते सर्वत्र पूर्ण मिळते असे समजू नका आणि कायम जागा निघायला वाट पाहावी लागते, हेही घरी लपवू नका. वयाबद्दल आईंना सांगा की यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे आहे, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही आहे. माझ्या दोन विद्यार्थिनींनी लग्न, मूल आणि प्रबंध हे तिन्ही त्या मुदतीत केले. ते सोपे नव्हते, सासरची साथ होती म्हणून झाले, पण झाले.

तुमच्या जागी माझी मुलगी असती तर मी तिला अंतिम वर्षाच्या फेब्रुवारीत गेट द्यायला सांगितले असते आणि कॅम्पसची नोकरी नाकारायला सांगितले नसते. गेटचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो. एम्बेडेड किंवा ऑटोमेशनची नोकरी मिळत असेल तर दोन वर्षे ती करा, भावाचे शिक्षण मार्गी लागू द्या आणि मग त्याच गुणांकावर अर्ज करा. नोकरीत बोर्ड जोडणे, वायरिंग करणे आणि वेळेत काम उरकणे शिकलेले विद्यार्थी प्रयोगशाळेत पहिल्याच सत्रात उठून दिसतात. दोन वर्षांहून अधिक थांबू नका, कारण पगाराची सवय होते आणि गणित हातातून जाते.

वडिलांशी बोलाल तेव्हा एक विनंती माझ्या वतीने करा. फाउंड्रीच्या मालकांची परवानगी मिळाली तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शेड बंद असताना, व्हरांड्यातील तोच प्रयोग मोल्डिंग बॉक्सच्या (साच्याच्या लोखंडी चौकटींच्या) रांगांमध्ये करून पाहायचा आहे, आणि नंतर भट्टी चालू असलेल्या दिवशी सुरक्षित अंतरावरून पुन्हा. सुपरवायझर म्हणून कोणता बॉक्स कोणत्या दिवशी कुठे होता हे त्यांना माहीत असणार, आणि आमच्या नोंदवहीत नेमकी हीच माहिती आजवर कमी पडत आली आहे. तुमचे बोर्ड तोपर्यंत चालू झाले असतील तर तेच घेऊन या. रोबोट आमचा असेल.